द्रव स्फटिकांतील न मिटणारे बिंदू

या अंकासाठी निवडलेली पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : द्रव स्फटिक, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण रेणूंची दिशा जुळलेली ठेवणारा पदार्थ, एखाद्या पृष्ठभागाला टेकला, की त्याच्या रचनेत जे बिंदू आणि ज्या रेषा उमटतात, त्या कशा निर्माण होतात आणि त्यांचे पुढे काय होते. पहिल्या पत्राचे उत्तर सर्वांत विस्ताराने दिले आहे, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ५सीबी या द्रव स्फटिकाचा थेंब दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून, एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरांमधून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्ममधून) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही ठिपक्यांमधून काळे पट्टे निघालेले दिसले. कुठे चार, तर कुठे दोनच. काचा पुन्हा धुऊन पाहिल्या तरी ठिपके दिसतातच. ही धूळ समजायची की रसायनातली भेसळ?
(पदव्युत्तर भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : धूळही नाही आणि भेसळही नाही. आपण पाहिलेत ते टोपॉलॉजिकल दोष, म्हणजे मांडणीत थोडाफार फेरफार करून पुसता न येणारे खंड होत. काच कितीही स्वच्छ केली आणि रसायन कितीही शुद्ध घेतले तरी ते दिसू शकतात, कारण त्यांचा संबंध पदार्थाच्या शुद्धतेशी नसून रेणूंच्या दिशांच्या मांडणीशी आहे.

५सीबीचा रेणू सुमारे दोन नॅनोमीटर लांबीचा आणि काडीसारखा असतो. हे रसायन इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने तयार केले आणि १९७३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. साधारण २४ ते ३५ अंश सेल्सिअस या तापमानांच्या दरम्यान ते नेमॅटिक अवस्थेत असते, म्हणजे त्याचे रेणू द्रवातल्याप्रमाणे मोकळेपणाने सरकतात, परंतु त्यांची सरासरी दिशा मात्र शेजाऱ्यांशी जुळलेली राहते. या दिशेला शेंडा-बूड नसते. ती उलट केली तरी पदार्थात काहीच फरक पडत नाही. ही बाब किरकोळ वाटली तरी ध्यानात ठेवावी, कारण दोन पट्ट्यांचे ठिपके केवळ तिच्यामुळे शक्य होतात.

काळा पट्टा तिथे दिसतो, जिथे रेणूंची दिशा दोहोंपैकी एखाद्या पोलरायझरच्या अक्षाला समांतर असते, कारण तिथे प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनांची दिशा, बदलत नाही आणि दुसरा पोलरायझर तो अडवतो. आता एखाद्या ठिपक्याभोवती मनाने एक प्रदक्षिणा घालावी आणि वाटेत रेणूंची दिशा किती वळते ते पाहावे. ती पूर्ण ३६० अंश वळत असेल, तर वाटेत चार वेळा कोणत्या ना कोणत्या अक्षाला समांतर होईल आणि चार पट्टे दिसतील. अशा दोषाची तीव्रता एक मानतात. ती १८० अंशच वळत असेल, तर दोन पट्टे दिसतील आणि तीव्रता अर्धी मानली जाईल. बाणासारखी टोक असलेली दिशा १८० अंश वळून मूळ जागी परत आली, तर ती उलटी झालेली असते आणि सांधा जुळत नाही. शेंडा-बूड नसलेल्या दिशेला ही अडचण येत नाही. थोडक्यात, पट्ट्यांची संख्या भागिले चार म्हणजे दोषाची तीव्रता.

तीव्रतेला चिन्हही असते. प्रदक्षिणेच्याच दिशेने रेणू वळत असतील तर ती धन आणि उलट दिशेने वळत असतील तर ऋण. अर्ध्या तीव्रतेच्या या दोन जातींची आकृती पाहायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. बोटाच्या ठशावर जिथे रेघा फासासारख्या वळून मागे फिरतात तिथे अधिक अर्ध्याची आकृती असते आणि जिथे तीन बाजूंच्या रेघा त्रिकोण करून एकमेकींना भिडतात तिथे उणे अर्ध्याची. आपल्या नमुन्यात चिन्ह ओळखायचे असेल, तर नमुना स्थिर ठेवून दोन्ही पोलरायझर एकत्र, त्यांच्यातला काटकोन न मोडता, हळूहळू फिरवावेत. धन दोषाचे पट्टे पोलरायझरांच्याच दिशेने फिरतील, ऋण दोषाचे उलट दिशेने. आणि दोन पट्ट्यांच्या ठिपक्यांचे पट्टे पोलरायझरांच्या दुप्पट वेगाने फिरताना दिसतील. एकाच काळ्या पट्ट्याने जोडलेले शेजारचे दोन ठिपके बहुधा विरुद्ध चिन्हांचे असतात, हेही त्याच वेळी तपासून पाहता येईल.

आपला खरा प्रश्न पृष्ठभागाशी येऊन थांबतो. साध्या काचेवर ५सीबीचे रेणू आडवे पडतात, परंतु काचेच्या पातळीत कोणत्या दिशेने पडायचे याचे बंधन फारसे नसते. दोन पट्ट्यांचा ठिपका म्हणजे एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत उभी गेलेली एक रेषा असून ती आपल्याला टोकाकडून दिसते. या रेषेच्या गाभ्यात, सुमारे दहा नॅनोमीटरच्या घेरात, रेणूंची शिस्त मोडलेली असते. चार पट्ट्यांच्या ठिपक्याची गोष्ट वेगळी आहे. तिथेही रेषा असायला हवी होती, परंतु पूर्ण वळण घेणाऱ्या रेणूंना एक पळवाट उपलब्ध असते : गाभ्याजवळ जाता जाता ते हळूहळू उभे होतात आणि ऐन मध्यावर रेषेच्या दिशेनेच उभे राहतात. मग तिथे काहीच मोडत नाही. ही पळवाट १९७२ मध्ये पॅट्रिशिया क्लॅडिस आणि मॉरिस क्लेमाँ यांनी, आणि पाठोपाठ १९७३ मध्ये रॉबर्ट मायर यांनी दाखवून दिली. अर्ध्या तीव्रतेच्या रेषेला ती घेता येत नाही, कारण १८० अंश वळणाऱ्या दिशा उभ्या करू गेल्यास एका बाजूच्या वर आणि दुसऱ्या बाजूच्या खाली वळतात व त्यांचा मेळ बसत नाही.

परंतु काचेला टेकलेल्या रेणूंना उभे राहण्याची मुभा नसते. पोटात मिटलेला दोष तिथे मिटू शकत नाही आणि वरच्या व खालच्या काचेवर एकेक बिंदू म्हणून उरतो. केवळ पृष्ठभागावरच राहू शकणाऱ्या अशा बिंदूंना ‘बूजम’ म्हणतात. हे खेळकर नाव अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मर्मिन यांनी १९७० च्या दशकात अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या, हीलियमच्या संदर्भात रूढ केले आणि पुढे ते द्रव स्फटिकांतही आले. आपल्या नमुन्यातले दोन पट्ट्यांचे ठिपके दोन्ही काचांना जोडतात, तर चार पट्ट्यांचे ठिपके काचेलाच चिकटलेले असून मधल्या द्रवात त्यांचा मागमूसही नाही. नमुना जरा हलवून रेषा आडव्या करता आल्या, तर हा फरक सरळ डोळ्यांना दिसतो : अर्ध्या तीव्रतेच्या रेषा बारीक आणि ठसठशीत दिसतात, पळवाट घेतलेल्या रेषा जाड आणि पुसट दिसतात.

हे ठिपके आणि धागे द्रव स्फटिकांइतकेच जुने आहेत. १८८८ मध्ये प्राग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ होतो आणि १७८.५ अंशांना पुन्हा स्वच्छ होतो, असे आढळले. त्यांनी तो जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑटो लेमान यांच्याकडे पाठवला, आणि लेमान यांच्या तापवता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली अशा आकृत्या दिसू लागल्या. अनेकांनी तेव्हा आपल्यासारखीच भेसळीची शंका घेतली होती. १९२२ मध्ये जॉर्ज फ्रिडेल यांनी सविस्तर प्रबंधात या रेषा म्हणजे रेणूंच्या दिशेत पडलेला खंड होय, हे निरीक्षणांवरून मांडले, आणि १९५८ मध्ये चार्ल्स फ्रँक यांनी त्यांना गणिती बैठक दिली. भारतात या विषयाचा पाया बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांच्या गटाने घातला. चंद्रशेखर आणि जी. एस. रंगनाथ यांनी १९८६ मध्ये द्रव स्फटिकांतील दोषांच्या रचनेचा आणि ऊर्जेचा घेतलेला आढावा पदव्युत्तर विद्यार्थ्याने आजही अवश्य वाचावा असा आहे.

प्रश्न : धातूंतले दोष तापवून सावकाश थंड केले की बरेच कमी होतात. द्रव स्फटिक तर वाहणारा पदार्थ आहे. मग त्यातले दोष आपोआप का नाहीसे होत नाहीत?
(यंत्र अभियंता, पुणे)

उत्तर : पुष्कळसे नाहीसे होतातही, मात्र एकेकटे नव्हे, जोडीने. अधिक अर्धा आणि उणे अर्धा एकमेकांना ओढतात, जवळ येतात आणि भेटले की दोघेही संपतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहण्यासारखे असते : अंतर बरेच असताना दोन ठिपके रेंगाळतात आणि शेवटच्या क्षणी झपाट्याने एकमेकांवर झेपावतात, कारण ओढ अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते.

एकटा उरलेला दोष मात्र पुसता येत नाही. त्याच्यापासून दूर एक मोठे वर्तुळ कल्पावे. त्या वर्तुळावर रेणूंची दिशा अर्धी फेरी वळते. हा आकडा शून्य, अर्धा, एक असाच असू शकतो. अर्ध्याचा पाव आणि पावाचा शून्य असा तो हळूहळू उतरवता येत नाही. म्हणून तो दोष घालवायचा तर वर्तुळावरच्या, नव्हे, पात्राच्या कडेपर्यंतच्या सगळ्या रेणूंची दिशा बदलावी लागते. धातूतला एखादा अणू जागेवर बसवण्यासारखे हे स्थानिक काम नाही.

ऊर्जेचा हिशेबही पाहावा. रेषेच्या दर एकक लांबीमागची ऊर्जा द्रव स्फटिकाच्या लवचिकतेच्या स्थिरांकाच्या (रेणूंची दिशा वाकवणे किती कठीण ते सांगणाऱ्या आकड्याच्या), तीव्रतेच्या वर्गाच्या आणि नमुन्याच्या व गाभ्याच्या आकारांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमच्या प्रमाणात असते. ५सीबीसाठी तो स्थिरांक काही पिकोन्यूटनांच्या घरात आहे. दहा मायक्रोमीटर जाडीच्या थरातून गेलेल्या अर्ध्या तीव्रतेच्या एका रेषेची ऊर्जा यावरून काढली, तर ती सामान्य तापमानाच्या औष्णिक खळबळीच्या सुमारे लाखपट येते, त्यामुळे नुसत्या उष्णतेच्या धक्क्यांनी असा दोष उपजतही नाही आणि मिटतही नाही. तीव्रतेचा वर्ग आल्यामुळे दोन अर्धे मिळून एका पूर्णापेक्षा स्वस्त पडतात, हेही त्यातच आले. पूर्ण तीव्रतेचे दोष टिकतात ते वर सांगितलेल्या पळवाटेच्या बळावर.

पदार्थ ३५ अंशांच्या वर तापवला तर सगळे दोष जातात, कारण ज्या शिस्तीत ते होते ती शिस्तच जाते. पुन्हा थंड करताना ठिकठिकाणचे भाग आपापली दिशा स्वतंत्रपणे ठरवतात आणि ते एकमेकांना भिडले की जिथे मेळ बसत नाही तिथे नवे दोष अडकतात. विश्वाच्या आरंभीच्या अवस्थेसाठी हीच कल्पना टॉम किबल यांनी १९७६ मध्ये मांडली होती. विश्वाचा प्रयोग पुन्हा करता येत नाही, म्हणून आयझॅक चुआंग, रुथ ड्युरर, नील ट्युरॉक आणि बर्नार्ड यर्क यांनी १९९१ मध्ये नेमॅटिकमधल्या रेषांचे जाळे कसे विरळ होत जाते ते मोजले, आणि १९९४ मध्ये मार्क बोविक, एल. चंदर, एरिक शिफ व अजित श्रीवास्तव यांनी अशा रेषा जन्माला येतानाच त्यांची मोजदाद केली.

प्रश्न : डिस्प्लेच्या काचा कापडाने एकाच दिशेने घासतात असे वाचले. कापडाच्या घासण्याने रेणूंच्या दिशेवर परिणाम व्हावा हे पटत नाही.
(वस्त्रोद्योगातील तंत्रज्ञ, इचलकरंजी)

उत्तर : परिणाम होतो आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, शार्ल मोगँ यांनी १९११ मध्येच घासलेल्या काचेवर द्रव स्फटिक ठरावीक दिशेने बसतो हे नोंदवले होते. कारखान्यात काचेवर पॉलिइमाइड या पॉलिमरचा पातळ थर देतात आणि मखमलीसारख्या लव असलेल्या कापडाचा रूळ त्यावरून एकाच दिशेने फिरवतात. घासण्याने वरच्या थरातल्या पॉलिमरच्या साखळ्या त्या दिशेने ताणल्या जातात आणि द्रव स्फटिकाचे रेणू त्यांच्याशी जुळवून घेतात. सूक्ष्म खोबण्यांचाही थोडा वाटा असतो. आडव्या खोबण्यांवर रेणू खोबणीच्या दिशेने पडले तर त्यांना वाकावे लागत नाही, हे ड्वाइट बेरेमन यांनी १९७२ मध्ये गणिताने दाखवले.

पृष्ठभागाने रेणूंना धरून ठेवण्याच्या या प्रकाराला अँकरिंग म्हणतात. घासलेला पॉलिइमाइड रेणूंना एका ठरावीक दिशेने आडवे पाडतो. ग्लिसरिनच्या पृष्ठभागावर ते आडवे पडतात, पण कोणत्याही दिशेने. लेसिथिन या स्निग्ध पदार्थाचा लेप दिलेल्या काचेवर किंवा उघड्या हवेच्या बाजूला ५सीबीचे रेणू उभे राहतात. कोणत्या प्रकारचे दोष मिळणार हे मुख्यतः इथेच ठरते.

ही पकड किती घट्ट आहे त्याला फार महत्त्व आहे, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकांत त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. लवचिकतेच्या स्थिरांकाला अँकरिंगच्या ताकदीने, म्हणजे दर चौरस मीटरमागच्या ऊर्जेने, भागले की एक लांबी मिळते. पहिली राशी दहा पिकोन्यूटन आणि दुसरी दर चौरस मीटरला एक ज्यूलचा लाखावा भाग घेतली, तर ही लांबी एक मायक्रोमीटर येते. थेंबात रेणू वाकवण्याची ऊर्जा त्रिज्येच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठभागाचे म्हणणे मोडण्याची किंमत त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे या लांबीपेक्षा बराच लहान थेंब पृष्ठभागाला जुमानतच नाही. त्यातले रेणू सगळे एका दिशेने राहतात आणि दोष उपजत नाहीत. थेंब बराच मोठा असेल तर पृष्ठभाग सांगेल तसे वागावे लागते आणि दोष टाळता येत नाहीत.

प्रश्न : गोलावर कोठेही शून्य न होणारे स्पर्शी सदिश क्षेत्र, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागाला लागून आडव्या पडलेल्या बाणांची अखंड मांडणी, असूच शकत नाही, असे आम्ही शिकवतो. द्रव स्फटिकाच्या गोल थेंबाला हे प्रमेय लागू होते का?
(गणिताचे निवृत्त प्राध्यापक, सातारा)

उत्तर : होय, तंतोतंत. रेणू पृष्ठभागावर आडवे पडत असतील तर पृष्ठभागावरच्या सर्व दोषांच्या तीव्रतांची बेरीज त्या पृष्ठभागाच्या ऑयलर अंकाइतकी, म्हणजे आकारातील भोकांच्या संख्येवरून ठरणाऱ्या आकड्याइतकी, असली पाहिजे. गोलासाठी ती दोन येते, वड्यासारख्या एका भोकाच्या आकारासाठी शून्य आणि दोन भोकांच्या आकारासाठी उणे दोन. पॉइंकारे आणि हॉफ यांचे प्रमेय ते हेच. फक्त दिशेला शेंडा-बूड नसल्यामुळे इथे अर्ध्या तीव्रतेचे मानकरीही बेरजेत येतात.

मात्र प्रमेय बेरीज सांगते, वाटणी सांगत नाही. ती बेरीज कोणत्या दोषांत विभागायची आणि ते कुठे बसवायचे हे ऊर्जा ठरवते, आणि लोकप्रिय लेखनात या दोहोंची सरमिसळ सर्रास होते. गच्च भरलेल्या थेंबात दोन बूजम, प्रत्येकी एक तीव्रतेचे, समोरासमोरच्या ध्रुवांवर बसतात आणि रेणू रेखांशांप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तेच द्रव स्फटिक पाण्याच्या थेंबाभोवती पातळ कवचासारखे पसरले, तर अर्ध्या तीव्रतेचे चार दोष चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर बसणे स्वस्त पडते. डेव्हिड नेल्सन यांनी २००२ मध्ये सुचवले होते की या चार बिंदूंना रासायनिक दुवे जोडता आले, तर असे गोळे कार्बनच्या अणूप्रमाणे चार हातांनी एकमेकांना धरतील. अल्बर्टो फर्नांडेझ-निएव्हेस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये खरीखुरी कवचे तयार केली तेव्हा असे चार दोष दिसले खरे, पण त्यांच्या शेजारीच दोन दोषांची आणि तीन दोषांची कवचेही होती. शिवाय कवचाची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने दोष पातळ बाजूला गोळा होत होते, कारण तिथे रेषा आखूड पडते आणि ऊर्जा वाचते.

रेणू पृष्ठभागावर उभे राहत असतील तर पृष्ठभागावर दोषाची गरजच उरत नाही. थेंबाच्या मध्यभागी एकच बिंदू येतो आणि रेणू त्यातून साळिंदराच्या काट्यांसारखे चहूकडे जातात. ग्रिगोरी व्होलोविक आणि ओलेग लाव्हरेंटोविच यांनी १९८३ मध्ये लेसिथिन मिसळलेल्या ग्लिसरिनमध्ये थेंब ठेवून तापमान बदलत नेले, तेव्हा अँकरिंग आडव्याचे उभे झाले आणि ध्रुवांवरच्या दोन बूजमांपासून मध्यातल्या एका बिंदूपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसला. भोके असलेल्या आकारांसाठीही हा हिशेब पडताळला गेला आहे : २०१३ मध्ये कोलोरॅडोत इव्हान स्मालियुख यांच्या गटाने एक ते पाच भोकांचे सूक्ष्म कण नेमॅटिकमध्ये सोडून दोष मोजले, आणि बेरीज प्रत्येक वेळी जुळली.

प्रश्न : जुन्या मॉनिटरांच्या दुरुस्तीत माझे आयुष्य गेले. हे दोष पडद्यात असतात का, आणि असल्यास चित्र बिघडवतात का?
(निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ, मडगाव)

उत्तर : असतात, आणि त्यांना आवरणे हा पडदा बनवण्यातला मोठा भाग आहे. मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेलफ्रिख यांच्या १९७१ च्या पिळाच्या रचनेत खालच्या आणि वरच्या काचा काटकोनात घासलेल्या असतात, म्हणून रेणूंची दिशा खालून वर जाताना ९० अंश वळते. ती डावीकडून वळली काय किंवा उजवीकडून वळली काय, ऊर्जा सारखीच. तसेच विजेचा दाब दिल्यावर रेणूंचे हे टोक वर उचलले काय किंवा ते टोक उचलले काय, तेही सारखेच. पडद्याच्या एका चौकटीत (पिक्सेलमध्ये) दोन्ही प्रकार झाले, की त्यांच्या सीमेवर दोषरेषा उमटते आणि तिथून नको तो प्रकाश गळतो. त्यावरचा उपाय असा, की घासण्याच्या रीतीने रेणूंना आधीच काही अंशांचा कल देतात आणि पिळाची बाजू ठरवणारे थोडेसे रसायन द्रवात मिसळतात. चौकटीच्या कडांना विद्युतक्षेत्र तिरके असल्यामुळे तिथे रेषा तरीही येतात, आणि रंगचौकटींमधली काळी जाळी त्यांना झाकून टाकते.

याच्या उलट मार्गही आहे, आणि मला तो अधिक हुशारीचा वाटतो. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील संरक्षण संशोधन केंद्रात १९९० च्या दशकात असा पडदा तयार झाला, की ज्याच्या एका काचेवर सुमारे एक मायक्रोमीटर अंतराने बारीक नागमोडी खोबण्या असतात आणि रेणू खोबणीच्या पृष्ठभागावर उभे राहतात. अशा पृष्ठभागावर दोन स्थिती टिकतात. एकीत दोष नसतात आणि वरचे रेणू उभे असतात. दुसरीत खोबणीच्या उंचवट्यापाशी आणि खळग्यापाशी अधिक अर्धा व उणे अर्धा अशा रेषा बसतात आणि त्यांच्या वरचे रेणू जवळजवळ आडवे पडतात. विजेच्या एका धन किंवा ऋण झटक्याने एका स्थितीतून दुसरीत जाता येते. त्यानंतर चित्र टिकवायला वीज लागत नाही, कारण दोषांची ती जोडी आपोआप पुसली जाऊ शकत नाही. दुकानांच्या फळ्यांवर लावायच्या किमतीच्या पट्ट्यांसाठी हा प्रकार वापरला गेला.

प्रश्न : पडद्यांखेरीज या दोषांचा काही उपयोग आहे का?
(वाचक, जळगाव)

उत्तर : दोन उपयोगांची खात्रीने नोंद करता येईल. पहिला कणांची रचना करण्याचा. १९९७ मध्ये फिलिप पूलँ, होल्गर श्टार्क, टॉम लुबेन्स्की आणि डेव्हिड वाइट्झ यांनी नेमॅटिकमध्ये पाण्याचे बारीक थेंब सोडले. रेणू त्या थेंबांच्या पृष्ठभागावर उभे राहत असल्यामुळे प्रत्येक थेंबाला तोलून धरणारा एक दोषबिंदू शेजारी उपजला. अशा जोड्या साखळीने लागल्या, आणि दोन थेंबांच्या मध्ये दोषबिंदू उभा राहिल्यामुळे ते एकमेकांत मिसळून गेले नाहीत. कण लहान असेल किंवा अँकरिंग सैल असेल, तर बिंदूऐवजी कणाभोवती शनीच्या कड्यासारखी दोषरेषा पडते. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथे इगोर मुशेविच यांच्या गटाने २००६ मध्ये लेसरच्या चिमट्याने असे कण एकत्र आणून त्यांचे सपाट स्फटिक रचले.

दुसरा उपयोग तपासणीचा. विस्कॉन्सिन विद्यापीठात निकोलस अ‍ॅबट यांच्या गटाने २०११ मध्ये असे दाखवले, की पाण्यात तरंगणाऱ्या ५सीबीच्या काही मायक्रोमीटरच्या थेंबांची रचना, जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन दर मिलिलिटरला काही पिकोग्रॅम इतके जरी असले तरी, दोन बूजमांवरून मध्यातल्या एका बिंदूवर येते. इतक्या थोड्या मात्रेत थेंबाचा सगळा पृष्ठभाग झाकला जाणे अशक्य आहे. म्हणजे ते रेणू दोषाच्या ठिकाणीच जाऊन बसतात आणि तिथूनच सगळी रचना पालटवतात. दोषांच्या गाभ्यात असे रेणू खरोखर गोळा होतात, हे याच गटाने २०१६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले.

प्रश्न : शाळेत मुलांना हे दाखवायचे आहे. खर्चिक उपकरणे नाहीत. कसे करावे?
(माध्यमिक शिक्षिका, चंद्रपूर)

उत्तर : शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि पोलरायझरचे दोन तुकडे एवढे पुरे आहे, बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची फिल्म सोलून घेतली तरी चालते. एक तुकडा नमुन्याखाली आणि दुसरा नमुन्यावर धरून, नमुना नसताना दृश्य पूर्ण काळे होईपर्यंत वरचा फिरवावा. काचपट्टीवर ग्लिसरिनचा थेंब घेऊन त्यात सुईच्या टोकाएवढे ५सीबी घालावे आणि काडीने घोटावे, म्हणजे लहानमोठे थेंब तयार होतात आणि प्रत्येकात ध्रुवांवरचे दोन बूजम शोधता येतात. शेजारच्या काचपट्टीवर ग्लिसरिनऐवजी पाण्यात भांड्यांच्या साबणाचा द्रव विरघळवून तोच प्रयोग करावा. साबणाने रेणू उभे राहिले की दोन ध्रुव जाऊन मध्यातून निघालेला काळा क्रूस दिसतो. हातमोजे घालावेत आणि रसायन मुलांच्या हाती देऊ नये.

तापमानाकडे मात्र लक्ष असू द्यावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमान सहज ३५ अंशांच्या वर जाते आणि त्या तापमानाला ५सीबी साधा द्रव होतो. सूक्ष्मदर्शकात नुसता काळोख दिसेल आणि रसायन खराब निघाले असे वाटेल. प्रयोग डिसेंबर-जानेवारीत, वर्ग उबदार झाल्यावर करावा; पहाटेच्या गारठ्यात तेच रसायन गोठूही शकते. उन्हाळ्यातच करायचा असेल तर ई७ या नावाने मिळणारे मिश्रण मागवावे. ते सुमारे ५८ अंशांपर्यंत नेमॅटिक राहते आणि थंडीत गोठतही नाही.